‘सर, माझी प्रिंट कुठे अडकली?’ : छपाईच्या रांगेची पार्श्वभूमी

एप्रिल संपत आला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, प्रिंट सोडलीय, पण येत नाहीये. कुठे अडकली?" सबमिशनचे दिवस, ब्लॅक बुकची (बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टची) घाई, चाळीसेक मशिन्स आणि प्रिंटर एक. अशाच एका लॅबची सिस्टिम मी बरीच वर्षं सांभाळली. एका वर्षी कुणाच्या तरी दीडशे पानी रिपोर्टमधल्या एका चित्रावर रांग थबकली आणि मागची सगळी कामं खोळंबली. ‘गेली नसेल’ असं समजून मुलांनी पुन्हा पुन्हा प्रिंट सोडली. अडथळा निघाला तेव्हा एकेक रिपोर्ट चार-चारदा बाहेर पडला. दोन रिम कागद वाया गेला, पण मला जास्त लागलं ते दुसरंच: तासभर ती मुलं उभी होती आणि त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून प्रिंट सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांची छपाईची कामं घेऊन ती प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, मी याच बाजूने बघतो. कामं ओळीने लावणं फारसं अवघड नाही. ओळीत असलेल्याला त्याच्या कामाची खबर देणं अवघड आहे. या सॉफ्टवेअरचा इतिहास मला बराचसा त्या खबरीचा इतिहास वाटतो.

रांग मात्र नेटवर्कच्या कितीतरी आधीची. आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ हा संगणक आणला आणि त्याच्याबरोबर १४०३ प्रिंटर. मिनिटाला ६०० ओळी, म्हणजे त्या काळी वेगवानच. तरीही मोठ्या संगणकाच्या मानाने ती गोगलगाय होती आणि महागड्या यंत्राला छपाईसाठी ताटकळत ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं. म्हणून मोठा संगणक निकाल टेपवर लिहायचा आणि ती टेप छोट्या १४०१ वर लावून सावकाश छापली जायची. पुढे टेपची जागा डिस्कने घेतली. काम आधी डिस्कवर साठवायचं आणि प्रिंटर मोकळा होईल तसं त्याला द्यायचं, हेच स्पूलिंग. नासाच्या ह्यूस्टनच्या केंद्रासाठी १९६० च्या दशकात लिहिलेला ‘हॅस्प’ हा त्यातला गाजलेला प्रोग्राम. त्याच्यापासून निघालेला ‘जेस२’ आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, अजूनही चालतो, आणि विंडोजमध्ये आपण ज्याला ‘स्पूलर’ म्हणतो तो शब्दही या स्पूलिंगवरूनच आला. त्या काळात खबर देणारं माणूसच असायचं. ऑपरेटरला विचारलं की काम कुठवर आलंय ते कळायचं.

खरी अडचण सुरू झाली ती प्रिंटर एकीकडे आणि माणूस दुसरीकडे बसू लागल्यावर. पुण्यात झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरचं फोटोकॉपीचं दुकान, पण लेझर प्रिंटरही त्याच कंपनीच्या संशोधन केंद्रातला. गॅरी स्टार्कवेदर यांनी तो १९७१ मध्ये पालो अल्टोला उभा केला. त्याच केंद्रात दोन वर्षांनी संगणक तारेने एकमेकांना जोडणारं इथरनेट आलं आणि अनेकांच्या टेबलावरची यंत्रं एकाच सामायिक प्रिंटरकडे कामं पाठवू लागली. आज आपण ज्याला नेटवर्क प्रिंटिंग म्हणतो त्याचा आराखडा तिथे तयार होता.

पुढे १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक प्रसंग घडला. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी तिथल्या जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी भर घातली होती: काम छापून झालं की मालकाला निरोप जायचा, आणि कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना कळायचं, म्हणजे कुणीतरी उठून तो काढायचं. नंतर झेरॉक्सने दिलेला लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्यानेही गोपनीयतेच्या करारामुळे द्यायला नकार दिला. निरोपाची ती सोय नव्या प्रिंटरला जोडताच आली नाही. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांमध्ये ते हा प्रसंग आवर्जून सांगतात. अडकलेल्या कागदाची साधी खबर मिळावी, एवढीच मूळ मागणी होती.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात, बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर, त्याच १९८३ मध्ये, नेटवर्कवरून काम घेणारा ‘एलपीडी’ हा प्रोग्राम आला. प्रत्येक कामाच्या दोन फाइली: एकीत मजकूर, दुसरीत काम कुणाचं, नाव काय, कसं छापायचं. विंडोजचा स्पूलरही एसपीएल आणि एसएचडी अशा दोन फाइली करतो, तीच वाटणी. एलपीडीची पद्धत ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून निघाली. आज्ञा मोजून पाच: छपाई सुरू कर, काम घे, रांग थोडक्यात दाखव, रांग सविस्तर दाखव, काम काढून टाक. पोर्ट, म्हणजे संगणकाचं नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार, ५१५. सुटसुटीत होती म्हणून ती सगळीकडे पसरली आणि अजूनही अनेक नेटवर्क प्रिंटर ती बोलतात. पण रांगेची स्थिती विचारली की उत्तर यायचं साध्या मजकुरात, ज्याचा ठरलेला साचा नव्हता. माणसाने वाचलं तर ठीक, दुसऱ्या प्रोग्रामला त्यातून काही नक्की काढता येत नसे. शिवाय पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ या अकरा पोर्टांपैकीच एक वापरायचा असा नियम. वापरलेला पोर्ट लगेच मोकळा होत नाही, त्यामुळे कामं भराभर आली की रांग उगाचच अडायची.

आपल्याकडे लॅबमध्ये नव्वदच्या दशकात फाइली आणि प्रिंटर सामायिक करायला बरंचसं नॉव्हेल नेटवेअर होतं, नंतर विंडोजचं शेअरिंग आलं. त्याच्या तपशिलात जात नाही. मराठीची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिचं बरंचसं काम पुण्यात झालं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरांचे ठसे तयार असतात. इंग्रजीतली ८० अक्षरांची ओळ छापायला ८० बाइट पाठवले की झालं. देवनागरी त्यात नाही, त्यामुळे ओळीचं चित्र करून ठिपके पाठवावे लागतात. २४ पिनांचा प्रिंटर, इंचाला १८० ठिपके आणि आठ इंच रुंदी धरली तर १४४० उभ्या रेघा, प्रत्येकीला ३ बाइट, म्हणजे एका ओळीला ४,३२० बाइट. इंग्रजीच्या चौपन्नपट! मराठी पत्र त्याच प्रिंटरवर, त्याच रांगेत हळू का सरकायचं, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं ‘जिस्ट’ तंत्र पुण्यात सी-डॅककडे आलं, ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअर डीटीपीवाल्यांच्या हाती गेलं. या मंडळींनी मराठी पडद्यावर आणि कागदावर आणली, त्याचं मोल फार मोठं आहे. पण फॉन्टची सांकेतिक रचना प्रत्येकाची वेगळी. सदाशिव पेठेत जुळवलेली पत्रिका अप्पा बळवंत चौकातल्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला तर पानभर अगम्य रोमन अक्षरं दिसायची. फॉन्ट पोटात घेऊन जाणारी पीडीएफ आली तेव्हा हा ताप गेला. लिनक्सच्या छपाईतही कामाचं मूळ रूप पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या जुन्या भाषेऐवजी पीडीएफ असावं असं २००६ मध्ये ठरलं, त्याचा फायदा आपल्यासारख्या लिप्यांना झाला.

खबरीच्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं ते आयपीपीने, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलने. वेबची पानं ज्या एचटीटीपीने येतात त्याच पायावर उभ्या या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली, १.१ ही आवृत्ती सप्टेंबर २००० मध्ये. यात कामाच्या सात अवस्था नेमून दिल्या आहेत: थांबलेलं, रोखून धरलेलं, चालू, मध्येच अडलेलं, रद्द केलेलं, सोडून दिलेलं आणि पूर्ण. शिवाय कारणंही ठरलेल्या शब्दांत, म्हणजे कागद अडकला, कागद संपला, टोनर कमी आहे. हे कुठलाही प्रोग्राम वाचू शकतो आणि मुलाच्या पडद्यावर दाखवू शकतो. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेलं ‘कप्स’ हे छपाईचं सॉफ्टवेअर याच पायावर १९९९ मध्ये बाहेर पडलं. ॲपलने ते २००२ मध्ये मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. स्वीट यांनी २०१९ च्या अखेरीस ॲपल सोडल्यावर लिनक्सवाल्यांसाठीचं काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे गेलं.

रांग सांभाळणारा प्रोग्राम नेटवर्कवर सदैव जागा असतो, म्हणून चोरांचंही त्याच्याकडे लक्ष असतं. २०२१ च्या ‘प्रिंटनाइटमेअर’ने ते उघड केलं: विंडोजचा स्पूलर सर्वोच्च अधिकाराने चालतो आणि त्यातून परक्याला आत शिरता येत होतं. त्यानंतरच्या सुधारणेमुळे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणूनचं सॉफ्टवेअर, घालायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे पडतील असं जाहीर केलं, पुढे आयपीपीच.

मग लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरांचं काय? कार्यालयांत आणि दुकानांत ते अजून धडधाकट चालतात, पण त्यांना फक्त यूएसबी आहे, नेटवर्कचं तोंडच नाही, आणि चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम, घ्यावं लागतं. त्यांच्यापुढे कप्स चालवणारा छोटासा लिनक्स संगणक ठेवला की बाकीच्यांना तो आयपीपी प्रिंटर दिसतो. मी आता तेच करतो, आणि दोन गोष्टी न चुकता बदलतो. एरर पॉलिसी, म्हणजे काम बिघडल्यावर काय करायचं याची सेटिंग, मुळात ‘स्टॉप-प्रिंटर’ असते, म्हणजे एक काम बिघडलं की सगळ्यांची रांग बंद. ती ‘अबॉर्ट-जॉब’ करतो, मग बिघडलेलं काम बाजूला पडतं आणि मागचं पुढे सरकतं. दुसरं म्हणजे प्रत्येकाला ठरावीक मुदतीत किती पानं, याची मर्यादा; ती मुदत सेकंदांत लिहायची असते, आठवड्याला ६०४८००. रांगेचं पान लॅबच्या दाराशी एका जुन्या मॉनिटरवर उघडं ठेवलंय. मुलं तिथे आपलं नाव शोधतात.