राऊटर टेबलाची बिटं: आधी दांडा पाहा, मग धार

राऊटर टेबल म्हणजे लाकडाला खाच आणि नक्षी पाडणारं मशीन (राऊटर) खालून उलटं बसवलेलं सुतारकामाचं टेबल, आणि त्यात फिरणारं कापायचं हत्यार म्हणजे बिट. हे बिट घ्यायला गेलं की नजर आधी धारेकडे जाते: गोला कसा येईल, नक्षी कशी उठेल. काम बिघडतं ते मात्र पुष्कळदा दांड्यामुळे, म्हणजे कोलेटमध्ये (बिट आवळून धरणाऱ्या मशीनच्या पकडीत) अडकणाऱ्या भागामुळे. गोल सळई किती ताठ राहणार, हे तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणून ६ मि.मी.च्या दांड्यापेक्षा १२ मि.मी.चा दांडा १६ पट ताठ असतो, ८ मि.मी.चासुद्धा तिपटीहून जास्त. लांबीचा हिशोबही असाच कडक आहे. बिट कोलेटबाहेर दुप्पट काढलं, तर तेवढ्याच जोराने ते आठपट वाकतं. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही, पण मिनिटाला वीस हजार फेऱ्यांत त्याची थरथर होते, खाचेच्या भिंतीवर बारीक लाटा उमटतात आणि मग पॉलिश पेपर घासत बसावं लागतं. मशीनला चालत असेल तर १२ मि.मी. किंवा चार सुताचाच दांडा घ्यावा.

या ‘किंवा’पाशीच गफलत होते. चार सूत म्हणजे १२.७ मि.मी. आणि दोन सूत म्हणजे ६.३५ मि.मी. हाताला १२ आणि १२.७ सारखेच लागतात. १२.७च्या कोलेटमध्ये १२चा दांडा आवळला तर जातो, पण पकड पूर्ण गोलाईवर बसत नाही. काम चालू असताना बिट हळूहळू वर सरकतं आणि ८ मि.मी. खोल सुरू केलेली खाच दुसऱ्या टोकाला ९ होऊन बसते. दांडा व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच घ्यावा. तरी शंका असेल, तर बिट आवळल्यावर दांडा आणि नट दोन्हींवरून मार्करची एक रेघ ओढावी. एक पास झाला, म्हणजे लाकूड बिटावरून एकदा नेलं, की प्लग काढून पाहावं. रेघ तुटलेली दिसली तर बिट फिरलं. बसवताना दांडा तळाला टेकवून २-३ मि.मी. वर उचलावा. नट आवळताना कोलेट थोडं आत ओढलं जातं. दांडा आधीच टेकलेला असेल तर पकड अर्धवट राहते.

आता धार. कपाटं, ड्रॉवर, चौकटी यांना सुरुवातीला सहा बिटं पुरतात, आणि पन्नास बिटांच्या स्वस्त पेटीपेक्षा ही सहा चांगली घेतलेली बरी. सगळी कार्बाइडची हवीत. प्लायमधला कडक झालेला गोंद आणि सागवानातली सिलिका हायस्पीड स्टीलची धार पाहता पाहता खातात.

पहिली दोन सरळ बिटं, १२ आणि ६ मि.मी.ची. १८ मि.मी.च्या खाचेसाठी १८चं बिट घ्यायचा मोह टाळावा, कारण १८ म्हणून मिळणारा प्लाय मोजला तर नेमका १८ क्वचितच भरतो. १२चं बिट दोन पासमध्ये चालवलं की फळी घट्ट बसेल अशी खाच मिळते. मात्र दुसऱ्या पासला फेन्स (लाकूड जिला टेकवून सरकवतो ती बिटामागची उभी पट्टी) बिटापासून मागे सरकवायची, पुढे आणायची नाही. टेबलात बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं आणि लाकूड आपण उजवीकडून डावीकडे ढकलतो. फेन्स मागे नेली तर धार आपल्या बाजूची भिंत कापते, लाकडाच्या विरुद्ध दिशेने. पुढे आणली तर ती फेन्सकडची भिंत कापते आणि फळी हातातून खेचून नेते. एका पासला खोली बिटाच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त घेऊ नये.

तिसरं, टोकाला बेअरिंग असलेलं ट्रिमिंग बिट. ते फळीबाहेर आलेली कड फळीच्या बरोबरीने छाटतं, म्हणून चिकटवताना सनमायका २-३ मि.मी. बाहेर ठेवावा. बेअरिंग जिथे टेकतं तिथे गोंदाचा वाळलेला थेंब राहिला, तर त्याचा उंचवटा सनमायकाच्या कडेवर जसाच्या तसा उतरतो; आधी पटाशीने खरवडून घ्यावं. मग ६ मि.मी. त्रिज्येचं गोल्याचं बिट, ४५ अंशांचं बिट आणि कडेला पायरी काढायचं बिट. हे शेवटचं बेअरिंगच्या संचासह घ्यावं: ३५ मि.मी.च्या कटरला १९चं बेअरिंग लावलं की ८ मि.मी. रुंद पायरी निघते, १६चं लावलं की ९.५.

पुढे स्पायरल, म्हणजे पिळाच्या धारेचं बिट घ्याल तर अपकट (दांड्याकडे ओढणाऱ्या पिळाचं) घ्या. उलट्या राऊटरमध्ये ते लाकूड टेबलावर दाबून धरतं. डाउनकट, म्हणजे उलट्या पिळाचं, फळी वर उचलतं.

मोठ्या बिटांना वेग कमी लागतो. २२,००० फेऱ्यांना १२ मि.मी.ची धार सेकंदाला सुमारे १४ मीटर धावते. दाराच्या पॅनेलचं ८० मि.मी.चं बिट त्याच फेऱ्यांना ९२ मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. ते १०,००० फेऱ्यांवरच चालवावं. छोट्या बिटाची चूक उलट असते. दोन धारांचं बिट २०,००० फेऱ्यांत मिनिटाला ४०,००० वेळा कापतं. फळी मिनिटाला ३ मीटर सरकली तर प्रत्येक ढलपी ०.०७५ मि.मी. जाड निघते. भीतीने तीच १ मीटरवर आणली तर ढलपी ०.०२५ उरते, धार कापायच्या ऐवजी घासते, तापते आणि लाकूड काळं पडतं. हा काळा डाग धार बोथट असल्याची खूणही असतो, पण आधी हाताचा वेग वाढवून पाहावा.

कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळ. डब्यात बिटं एकमेकांवर आपटली की धारेचे कण उडतात आणि त्या जागी लाकडाच्या कडेवर लांबच लांब उंच रेघ उठते. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून एकेक बिट वेगळं उभं ठेवावं.