सरदार चौकाचा उतार : काळाराम ते रामकुंड

नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराकडून सरदार चौकमार्गे रामकुंडाकडे उतरणारा रस्ता पायी जेमतेम काही मिनिटांचा आहे; मात्र तो अरुंद आहे आणि तीव्र उताराचाही आहे. नदीकाठची देवळे गोदावरीच्या पुरात सापडतात, आणि पाणी किती चढले हे नाशिककर आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहूनच ठरवतात. काळाराम मंदिर मात्र काठापासून बरेच वर आहे. त्यामुळे देवदर्शन वर आणि स्नान खाली, अशी या परिसराची रचना झाली, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटेवर वस्ती दाटत गेली.

पंचवटीचे आजचे रूप मुख्यतः पेशवाईतले. नदीकाठचे नारोशंकराचे मंदिर 1747 मधले, तर सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात उभारलेले काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाले. रामकुंडालगतच्या टेकाडावर पायऱ्या चढून जावे लागते ते कपालेश्वर मंदिर. तिथे महादेवापुढे नंदी नाही. याच परिसराने 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठीचा सत्याग्रह पाहिला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काही वर्षे चालवला, तरीही दरवाजे उघडले नाहीत. पंचवटीच्या इतिहासात देवळे बांधणाऱ्यांइतकेच या सत्याग्रहींचेही स्थान आहे.

उताराची खरी परीक्षा सिंहस्थ कुंभमेळ्यात होते. वैष्णव आखाडे तपोवनाकडून शाही मिरवणुकीने रामकुंडावर येत, आणि त्यांच्या मार्गाचा शेवटचा टप्पा नेमका हाच होता. 27 ऑगस्ट 2003 रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, येथे चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक मृत्युमुखी पडले. मिरवणुकीतून उधळलेली चांदीची नाणी वेचण्यासाठी लोक वाकले आणि गर्दी कोसळली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. पण निमित्त काहीही असो, उतारावर पुढचा माणूस पडला की मागच्याला थांबताच येत नाही, आणि दोन्ही बाजूंना घरे असल्यामुळे बाजूला होण्यासही जागा उरत नाही. दोष केवळ नाण्यांवर टाकणे म्हणूनच अपुरे वाटते.

2015 च्या सिंहस्थात आखाड्यांसाठी मार्ग बदलण्यात आला. आता 2027 च्या पर्वण्यांची तयारी सुरू असताना मिरवणुकीचा मार्ग ठरवणे हे निम्मेच काम आहे. रामाचे दर्शन घेऊन स्नानाला निघालेला साधा भाविक सवयीने याच उताराकडे वळतो, आणि त्याला वरच, सरदार चौकाच्या अलीकडेच, दुसरी वाट मिळाली पाहिजे.