जर्मन आडनावाची माहिती मागवताना आडनावासोबत गावही कळवा

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

जर्मन कागदपत्रांचे मराठी आणि इंग्रजी भाषांतर हे आमचे मूळ काम. त्याला आता एक जोडकाम आले आहे, ते म्हणजे आडनावाचे टिपण. मुलगी किंवा मुलगा लग्न करून जर्मनीत, ऑस्ट्रियात किंवा नॉर्वेत स्थिरावलेला असतो. इकडे घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची असते आणि संपादक मंडळाला जावयाच्या किंवा सुनेच्या माहेरच्या घराण्याबद्दल चार ओळी हव्या असतात. मग आमच्याकडे निरोप येतो, “आडनाव अमुक आहे, फार दुर्मिळ आहे म्हणतात. अर्थ काय, मूळ कुठले आणि अशी माणसे किती, एवढे लवकर कळवा.”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे बहुतेक वेळा मिळतातही, पण नुसत्या आडनावावरून मिळत नाहीत. आमच्या कामातला सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो. आडनाव येते, गाव येत नाही. आम्ही गाव विचारतो, तर उत्तर येते “फ्रँकफर्ट”. ते जावईबापूंच्या नोकरीचे गाव असते. आम्हाला हवे असते त्यांच्या पणजोबांचे, जमल्यास त्याही आधीच्या पिढीचे गाव. ते कळेपर्यंत आठवडे निघून जातात आणि कुलवृत्तांताची छपाई आमच्यामुळे अडली असे वाटू लागते. म्हणून हे माहितीपत्रक.

गाव एवढे का लागते, हे पुणे-मुंबईला ओळखीच्या असलेल्या तीन जर्मन पंडितांच्या आडनावांवरून सांगतो.

पहिले मार्टिन हाउग. १८५९ ते १८६६ या काळात ते पुण्यात संस्कृतचे अध्यापन करत होते आणि त्यांनी संपादित केलेले ऐतरेय ब्राह्मण १८६३ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यांचा जन्म १८२७ चा, दक्षिण जर्मनीत व्युर्टेम्बर्गमधल्या बालिंगेनजवळच्या ओस्टडॉर्फ गावचा. त्या भागातले हाउग हे आडनाव हूग किंवा हूगो या जुन्या व्यक्तिनावापासून आले. त्याच्या मुळाशी मन, बुद्धी, विचार या अर्थाचा प्राचीन जर्मन शब्द आहे. म्हणजे कुणा पूर्वजाचे नाव पुढे साऱ्या कुळाचे आडनाव झाले. आता हेच आडनाव, अक्षर न् अक्षर तेच, नॉर्वेतही आहे. तिथे त्याचा मनाशी किंवा बुद्धीशी काही संबंध नाही. प्राचीन नॉर्स भाषेत ‘हाउगर’ म्हणजे टेकाड, मातीचा उंचवटा. टेकाडावरच्या शेतवाडीला ते नाव पडले आणि वाडीवरून तिथे राहणाऱ्यांना. नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव घ्यावे लागले, तेव्हा अनेकांनी आपल्या वाडीचेच नाव नोंदवले. त्यामुळे तुमची सून हाउगांची असेल, तर ती स्वाबियातली, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या या भागातली, की नॉर्वेतली हे कळल्याशिवाय आम्ही एक ओळही लिहू शकत नाही. अंदाजाने लिहिली, तर ती छापील ग्रंथात पुढच्या पिढ्यांसाठी चूक म्हणूनच राहील.

दुसरे गेऑर्ग ब्यूलर, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले. जन्म १८३७, हॅनोव्हरच्या राज्यातल्या बोर्स्टेलचा, म्हणजे उत्तरेचा. आडनाव मात्र दक्षिणेच्या बोलीतले. ‘ब्यूल’ म्हणजे टेकडी आणि ब्यूलर म्हणजे टेकडीवरचा किंवा त्या नावाच्या ठिकाणचा. ऑस्ट्रिया-तिरोलकडे तेच आडनाव पिखलर असे उच्चारतात आणि तसेच लिहितात. माणूस जन्मला तिथेच त्याचे आडनाव रुजले असे नसते, हे यावरून लक्षात यावे. म्हणूनच आम्ही जन्मगावावर न थांबता मागच्या पिढ्यांची गावे विचारतो. कृपया त्याला फाटे फोडणे समजू नका.

तिसरे आडनाव खऱ्या अर्थाने दुर्मिळ आहे, कीलहॉर्न. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि नंतर ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याच्या त्यांच्या आवृत्तीमुळे हे आडनाव महाराष्ट्रातल्या संस्कृत अभ्यासकांच्या तोंडी आहे. जर्मनीत मात्र ते फारसे ऐकू येत नाही. या आडनावाचा अर्थ पाहण्यासाठी आजचा जर्मन शब्दकोश उघडला, तर ‘कील’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा किंवा पिसाचा दांडा आणि ‘हॉर्न’ म्हणजे शिंग असे सापडते. दोन्ही जोडून काही अर्थ लागत नाही. मग कुणीतरी सुचवतो की ही मंडळी उत्तरेच्या कील शहरातली असावीत. पण कीलहॉर्न १८४० साली जन्मले ते ओस्नाब्र्युक इथे. हा सखल उत्तर जर्मनीचा, लो जर्मन बोलीचा मुलूख. त्या बोलीच्या मध्ययुगीन रूपात ‘कील’ म्हणजे पाचर आणि ‘हॉर्न’ म्हणजे कोपरा, जमिनीचे पुढे आलेले टोक. शेतांच्या आणि शिवारांच्या नावांत हे शब्द तिकडे सर्रास येतात. तेव्हा पाचरीच्या आकाराच्या जमिनीच्या कोपऱ्यावर राहणारे ते कीलहॉर्न, हा अर्थ सर्वांत सयुक्तिक ठरतो. तरी आमच्या टिपणात त्यापुढे ‘संभाव्य’ असाच शेरा पडेल. ‘निश्चित’ हा शेरा आम्ही कुटुंबाच्या जुन्या नोंदीत त्या जागेचा उल्लेख सापडल्यावरच देतो. काही ग्राहकांना ‘संभाव्य’ हा शब्द खटकतो. पैसे घेऊन संभाव्य का सांगता, असे विचारतात. आम्ही तो बदलत नाही. ज्याचा पुरावा आहे ते आणि तर्काने काढलेले ते वेगवेगळे दाखवणे, यासाठीच आमच्याकडे यावे असे आम्हाला वाटते.

आडनावे दुर्मिळ का होतात, याचे कारणही जागेतच असते. गिरणी गावोगावी होती, म्हणून म्यूलर म्हणजे गिरणीवाला हे जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव झाले. त्याखालोखाल श्मिट म्हणजे लोहार आणि श्नायडर म्हणजे शिंपी. याउलट एखाद्याच शेतवाडीवरून, एखाद्याच ओढ्यावरून किंवा शिवारावरून पडलेले नाव मुळात एका-दोन कुळांचेच असते. गावावरून पडलेल्या आडनावांची रीत आपल्या ‘-कर’सारखीच आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला कुणी सातारकर म्हणत नाही, सातारा सोडून दुसरीकडे गेलेल्याला म्हणतात. जर्मनीतही फ्रांकफुर्टर हे आडनाव फ्रँकफर्टच्या बाहेर पडले. म्हणून गावाच्या नावाचे आडनाव असेल, तर मूळ गाव तेच असले तरी आपली पहिली नोंद बहुधा आजूबाजूच्या मुलखात सापडते.

वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियातल्या आणि ओस्नाब्र्युकच्या आसपासच्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे आडनाव पूर्वी बापाकडून येत नसे, वाडीकडून येई. वाडीच्या वारस मुलीशी लग्न करून जो तिथे राहायला येई, तो त्या वाडीचे आडनाव घेई आणि मुलांनाही तेच लागे. जुन्या नोंदीत दोन आडनावांमध्ये ‘गेनांट’ असा शब्द दिसतो, त्याचा अर्थ ‘ऊर्फ’. एकोणिसाव्या शतकात सरकारने नाव बदलण्यावर बंधने आणल्यावर ही रीत मागे पडली. या भागातल्या घराण्याची वंशावळ नुसत्या आडनावाच्या धाग्याने मागे नेली, तर ती भलत्याच कुळात जाऊन पोचते. कुलवृत्तांत हा पित्याच्या वंशावर रचलेला ग्रंथ असतो, त्यामुळे संपादकांनी इथे विशेष जपावे.

आता तिसरा प्रश्न, अशी माणसे किती? जर्मनीत आडनावांची संख्याच अफाट आहे, साधारण साडेआठ लाख वेगवेगळी आडनावे. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या अभ्यासकांनी आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह केला, तो २००५ सालच्या घरगुती दूरध्वनी जोडण्यांवर आधारलेला आहे. त्यातली संख्या माणसांची नव्हे, जोडण्यांची असते. एका जोडणीमागे अडीच ते तीन माणसे धरून अंदाज काढतात. म्हणजे शंभर जोडण्या दिसल्या, तर अडीचशे ते तीनशे माणसे. नेदरलँड्सच्या आडनावांच्या नोंदपटात १९४७ आणि २००७ या दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मिळतात, त्यामुळे आडनाव वाढले की ओसरले हेही कळते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१० ची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात शंभर किंवा अधिक वेळा आलेली १,६२,२५३ आडनावे आहेत. तुमचे आडनाव त्या यादीत नसेल, तर ते अमेरिकेत नाहीच असा अर्थ होत नाही. ते शंभराच्या खाली आहे, इतकेच कळते.

मोजणीत आणखी एक अडचण आहे. जर्मनीत नागरी नोंदणी, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद, सुरू झाली प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यात १८७४ च्या ऑक्टोबरपासून आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १८७६ च्या जानेवारीपासून. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला फ्रेंच अमलात ती आधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस आली होती. त्याआधी पाद्री जसे ऐकेल तसे लिही, सख्ख्या भावांची आडनावेसुद्धा वेगवेगळ्या वर्तणीत सापडतात. मायर हे आडनाव आज चार तऱ्हांनी लिहिले जाते, ते यामुळेच. त्यामुळे दुर्मिळ वाटणारे आडनाव कधी कधी एखाद्या सर्वसाधारण आडनावाची दुर्मिळ वर्तणी निघते. हे आम्ही सांगितले की क्वचित नाराजी होते. पण त्यातही कुटुंबाचा इतिहास असतो, कोणत्या गावच्या कोणत्या पाद्र्याने ती वर्तणी रूढ केली हे कित्येकदा शोधता येते. नॉर्वेत मात्र दुर्मिळपणाला कायद्याने अर्थ आहे. दोनशे किंवा त्याहून कमी माणसांकडे असलेले आडनाव तिथे संरक्षित असते, बाहेरच्याला ते घ्यायचे तर ते लावणाऱ्या सर्वांची संमती लागते.

वर्तणीचा विषय निघालाच आहे, तर टिंबांबद्दल कळकळीने सांगतो. विमानाच्या तिकिटावरून किंवा ईमेलच्या पत्त्यावरून आडनाव उतरवू नका. तिथे स्वरांवरची दोन टिंबे गळलेली असतात. ब्यूलरमधली टिंबे गेली की उरते बूलर आणि जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ होतो प्रियकर. टेकडीवरच्या सज्जन कुटुंबाची अशी नोंद कुणाला आवडेल? पासपोर्टात वरच्या भागात आडनाव बरोबर असते, तळाच्या यंत्राने वाचायच्या ओळीत टिंबांऐवजी पुढे ‘ई’ अक्षर जोडलेले असते. शेवटी इंग्रजी ‘बी’सारखे अक्षर दिसले, तर तो ‘बी’ नव्हे, ‘एस्त्सेट’ नावाचा जर्मन स आहे. सर्वांत चांगले म्हणजे टंकलेले काही न पाठवता मूळ कागदाचा फोटो पाठवा.

जुना कागद वाचता येत नसेल तरी पाठवा, वाचणे आमच्याकडे लागले. जुन्या जर्मन हस्ताक्षरात ‘ई’ हा ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. १९४१ नंतर शाळांतून ते वळण गेले, त्यामुळे तुमच्या जर्मन व्याह्यांनाही स्वतःच्या आजोबांची पत्रे बहुधा वाचता येत नाहीत. ती वाचून, देवनागरीत उच्चार लिहून आणि मराठी भाषांतर जोडून आम्ही दोन्ही घरांना देतो. टिपणापेक्षा व्याह्यांना याचेच अप्रूप जास्त वाटते, असा आमचा अनुभव आहे.

काही जण विचारतात, आडनावांचे नकाशे आणि माइन्त्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश हे सगळे खुले आहे, मग तुमचे शुल्क कशाचे? खरे आहे, कोश जरूर पाहा, आम्हीही तिथूनच सुरुवात करतो. आमचे शुल्क पुढच्या कामाचे आहे. प्रोटेस्टंट चर्चच्या नोंदवह्या बहुतांशी आर्खिओन या सशुल्क संकेतस्थळावर आणि कॅथलिकांच्या अनेक वह्या मात्रिकुला या दुसऱ्या संकेतस्थळावर पाहाव्या लागतात. एकाच गावात दोन पंथांच्या दोन वेगळ्या वह्या असू शकतात, म्हणून आम्ही कुटुंबाचा पंथही विचारतो. त्यात अनादर नाही, नाहीतर दुप्पट पाने चाळावी लागतात. अलीकडच्या नोंदी सर्वांना खुल्या नसतात. जन्माची नोंद ११० वर्षांनी, विवाहाची ८० वर्षांनी आणि मृत्यूची ३० वर्षांनी खुली होते. ही मुदत अजून पूर्ण न झालेल्या नोंदीसाठी जवळच्या नातलगाचा अर्ज लागतो, तेव्हा जावयाची किंवा सुनेची सही घ्यावी लागेल. अर्ज जर्मनमध्ये आम्ही लिहून देतो.

कुलचिन्हाबद्दल एकदाच लिहितो. ढाल-सिंहाची चित्रे छापलेले, ‘तुमच्या आडनावाचे राजचिन्ह’ म्हणून विकले जाणारे प्रमाणपत्र कुणी विकत घेतले असेल, तर ते कुलवृत्तांतात छापू नये. चिन्ह विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नसते. नावातले ‘फॉन’ हेही नेहमी सरदारकीचे नसते आणि डच ‘फान’ तर मुळीच नव्हे, तो बहुतेक वेळा नुसता ‘अमुक गावचा’ असतो.

तर कृपया हे पाठवा: आडनाव असलेल्या सर्वांत जुन्या कागदाचा फोटो, चारही कोपरे दिसतील असा, उजेडात आणि फ्लॅश न वापरता काढलेला. पाठीमागची बाजूही, शिक्के तिथेच असतात. ठाऊक असलेले सर्वांत जुने गाव, शक्य तर जिल्ह्यासह, कारण नॉयश्टाट नावाची गावे जर्मनीत कितीतरी आहेत. पंथ. आणि पूर्वज पोलंड, चेकिया किंवा आज फ्रान्समध्ये असलेला आल्सास इकडून आले असतील तर तेही, तिथल्या वह्या वेगळ्या अभिलेखागारांत असतात.

एवढे हाती आले की अर्थ, मूळ आणि आजचा प्रसार सांगणारे दोन पानी टिपण आम्ही तीन आठवड्यांत देतो. नोंदवह्यांतून वंशावळ मागे न्यायची असेल, तर ते काम वेगळे. त्याचे शुल्क वह्या उपलब्ध आहेत का हे पाहूनच, काम हाती घेण्याआधी लेखी कळवतो. गाव अजिबात ठाऊक नसेल, तर निराश होऊ नका. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारायचे प्रश्न जर्मनमध्ये लिहिलेली एक पानी प्रश्नावली आमच्याकडे तयार आहे. ती विनामूल्य देतो. ती व्याह्यांकडे पाठवा आणि उत्तर आल्यावरच आमच्याकडे काम नोंदवा.