गुडघा आखडलाय, पण आतून की बाहेरून?

मूल पाय पूर्ण सरळ करत नाही म्हटलं की पहिला संशय बालसंधिवाताचा. अनेकदा तो बरोबरही असतो. 16 वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हा आजार. पण अगदी तसाच आखडलेला गुडघा त्याहून कितीतरी दुर्मिळ अशा लिनिअर स्क्लेरोडर्मातही, म्हणजे कातडी पट्ट्यासारखी घट्ट होत जाण्याच्या आजारातही दिसतो.

बालसंधिवातात सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, पाणी भरतं. गुडघ्याच्या खळग्या बुजतात, हाताला तो कोमट लागतो. सकाळी लंगडणारं मूल काही वेळाने खेळायला पळतं, आणि घरच्यांना वाटतं, शाळा बुडवायचं नाटक!

स्क्लेरोडर्मात सांधा आतून धडधाकट असू शकतो. त्यावरून जाणारी कातडी, तिच्याखालची चरबी, कधी स्नायूंचं वेष्टनही दाहामुळे घट्ट होतं आणि सांधा बाहेरून जखडला जातो. ही घट्ट कातडी दिवस चढला म्हणून सैल होत नाही. सुरुवातीला मांडीवर किंवा पोटरीवर नुसता जांभळट पट्टा दिसतो. कुठेतरी आपटला असेल म्हणून तो सोडून दिला जातो. पुढे मधला भाग मेणासारखा पांढुरका, चकचकीत होतो. चिमटीत धरायला जावं तर कातडी उचललीच जात नाही.

वाढीचा फरक तर उलटाच. लहान वयात एका गुडघ्याला संधिवात झाला तर वाढलेल्या रक्तपुरवठ्यामुळे तो पाय लांब होऊ शकतो. पट्ट्याखालचा पाय मात्र बारीक आणि आखूड राहतो.

स्क्लेरोडर्मा हा शब्द शोधला की फुप्फुसं-मूत्रपिंडांबद्दलचं वाचून धडकी भरते. ते बहुतांशी सर्वांगीण प्रकाराचं वर्णन असतं. मुलांमध्ये त्वचेपुरता प्रकारच जास्त आढळतो.

रक्ततपासणीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. दाह मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या दोन्ही आजारांत नॉर्मल येऊ शकतात, आणि एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी दोन्हींत पॉझिटिव्ह. औषधही पुष्कळदा एकच, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फिजिओथेरपी. मग फरक कळून उपयोग काय? बालसंधिवातात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो, म्हणून स्लिट लॅम्पची (डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या प्रकाशझोताच्या सूक्ष्मदर्शकाची) तपासणी ठरलेल्या अंतराने लागते. स्क्लेरोडर्मात घाई असते ती कातडी घट्ट होऊन सांधा जखडण्याआधी औषध सुरू करण्याची. एकदा आखडून बसलेला सांधा औषधाने सहसा मोकळा होत नाही.

शिवाय पट्टा असलेल्या मुलाला सांध्याची खरी सूजही येऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे पँट नुसती गुडघ्यापर्यंत वर सरकवून भागत नाही. कमरेपासून टाचेपर्यंत दोन्ही पाय शेजारी शेजारी दाखवावेत.