मुंबईचा छापखाना : यंत्र आधी आले, अक्षर दीडशे वर्षांनी

दरवर्षी 6 जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. 1832 साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी असे त्याचे दोन रकाने होते. बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घातला जातो आणि तो घातलाच पाहिजे. पण त्या मराठी रकान्यातले एकेक अक्षर कुणीतरी आधी पोलादावर कोरले होते, कुणीतरी शिशात ओतले होते, कुणीतरी घासून सारखे केले होते. त्या माणसांना हार घालायला कुणी जात नाही. मुंबईतल्या छपाईचा इतिहास त्यांच्या बाजूने पाहिला, तर तो बराच निराळा दिसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. छपाई म्हटले की डोळ्यांसमोर यंत्र येते. दाब देण्याचे यंत्र मात्र फार जुने आहे. युरोपात द्राक्षांचा रस काढायला तसलाच स्क्रूचा दाबा वापरत. चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापणे हजार वर्षांहून जुने, 868 सालचे छापील वज्रसूत्र आजही शाबूत आहे. सुटी अक्षरे करण्याची कल्पनाही चीनमध्ये अकराव्या शतकात बी शंग याने भाजलेल्या मातीत उतरवली होती, आणि कोरियात 1377 मध्ये धातूच्या अक्षरांनी पुस्तक छापले गेले. मग जर्मनीतल्या माइन्झच्या योहान गुटेनबर्गने 1450 च्या सुमारास काय केले? धातुकामात मुरलेल्या त्या माणसाने अक्षर ओतण्याची रीत बसवली. पोलादी दांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर हाणायचा, तांब्यात उमटलेली ती मातृका हातातल्या साच्यात बसवायची आणि वरून शिसे, कथील, अँटिमनी यांचा रस ओतायचा. क्षणात थिजतो. एका ठशातून हजारो खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, सगळे एका उंचीचे. छपाईचा जीव या साच्यात आहे. ही रीत युरोपातल्या भाषांना पन्नास वर्षांत सर्वत्र मिळाली. आपल्याकडे यंत्र बोटीतून आले तरी ठसे कोरणारा माणूस इथेच तयार व्हावा लागला.

हिंदुस्थानात पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्याला उतरला, जेझुइट पाद्र्यांबरोबर. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ तिथे 1616 मध्ये राशोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, पण लिपी रोमन, कारण नागरी खिळे नव्हते. मराठी भाषेतले पहिले छापील काव्य मराठी माणसाला वाचताच येऊ नये, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो.

मुंबईची गोष्ट 1674 मध्ये सुरू होते. सुरतेचे मोठे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखाना आणि छपाई जाणणारा माणूस मागितला. त्यांना जुने संस्कृत ग्रंथ छापायचे होते. कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला 50 पौंडांवर मुंबईला पाठवला. यंत्र आले, कागद आला, शाई आली. हिल्सला छापता येत होते. देशी अक्षरे कोरता येत नव्हती. भीमजींनी आपल्याच कारागिरांकडून अक्षरे पाडून घेण्याचा प्रयत्न केला, कंपनीकडे ओतकाम जाणणारा आणखी एक माणूसही मागितला. पण त्या यंत्रातून ग्रंथ बाहेर पडल्याचा पुरावा नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी मुंबईच्या किनाऱ्यावर छपाईचे यंत्र उभे होते आणि त्यात घालायला एक देशी अक्षर नव्हते.

त्यानंतर शंभर वर्षे शांतता. 1780 मध्ये रुस्तुमजी केरसास्पजी या पारशी गृहस्थांनी मुंबईच्या बाजारात एक इंग्रजी दिनदर्शिका छापली. दहाएक वर्षांनी ‘बॉम्बे हेरल्ड’, ‘कुरिअर’, ‘गॅझेट’ अशी इंग्रजी पत्रे निघाली. ‘कुरिअर’ला देशी व्यापाऱ्यांच्या जाहिराती हव्या होत्या, आणि 1797 मध्ये त्यात गुजराती लिपीतली जाहिरात आली. ते खिळे त्याच छापखान्यातल्या एका पारशी कंपोझिटरने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, केले होते. पुढे 1812 मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी गुजराती छापखाना काढला आणि 1 जुलै 1822 रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केला. हॉर्निमन सर्कलजवळच्या लाल इमारतीतून तो अजून निघतो. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही, म्हणून तिचे खिळे तुलनेने लवकर जमले असावेत, असा माझा अंदाज आहे.

देवनागरीची गोष्ट वेगळी. इंग्रजीला मोठी 26, लहान 26, अंक आणि विरामचिन्हे धरून एक-दोन केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांत, संसार मावतो. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. पायाशी उकार आणि ऋकार. पुढेमागे काना आणि वेलांटीची दांडी. आणि वर जोडाक्षरे. क्ष, ज्ञ, द्ध, ह्म, श्री यांना वेगळे खिळे लागतात. म्हणजे एक ओळ प्रत्यक्षात तीन मजल्यांची. मग दोन वाटा होत्या. एक अखंड पद्धत: ‘कि’, ‘कु’, ‘कें’ हे एकेकच खिळे ओतायचे. अक्षर देखणे आणि मजबूत, पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढतात आणि कंपोझिटरला केसेसच्या भिंतीसमोर येरझारा घालाव्या लागतात. दुसरी डिग्री पद्धत: मधले अक्षर बुटके ओतायचे आणि वरच्या-खालच्या खुणा स्वतंत्र खिळ्यांनी बसवायच्या. प्रकार कमी होतात, पण जुळणी नाजूक, आणि शिरोरेघ जरा हलली की ओळ दात पडल्यासारखी दिसते. जुन्या पुस्तकात अनुस्वार उडालेला किंवा मात्रा तुटलेली दिसली की आपण ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ म्हणतो. पुष्कळदा तो राक्षस म्हणजे दाबाखाली मोडलेला शिशाचा बारीकसा काटा असे.

हे कोडे पहिल्यांदा सुटले ते मुंबईपासून दूर. बंगालमध्ये पंचानन कर्मकार या लोहार घराण्यातल्या कारागिराने चार्ल्स विल्किन्स यांच्याबरोबर आधी बंगाली ठसे कोरले होते. तीच विद्या बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या मिशनमध्ये देवनागरीला लागली. 1805 मध्ये मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण तिथे छापले गेले. पाठोपाठ 1810 मध्ये त्यांचा मराठी कोश आला, तो मोडी खिळ्यांत. इकडे मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी त्याच 1805 साली भगवद्गीता छापून घेतली, पण ती तांब्याच्या पत्र्यांवर अख्खी पाने कोरून. पुण्यात नाना फडणविसांच्या मनात छपाईचा विचार होता, एक तांबट तयारही होत होता. 1800 मध्ये नाना गेले आणि ते काम मिरजेला गेले. तंजावरला सरफोजीराजांनी आपला छापखाना घातला होता. म्हणजे मराठी मुलखात आणि मराठी दरबारांत धडपड चाललेली होती. कमी होती ती चिकाटीने खिळे ओतणाऱ्या कारखान्याची.

तो कारखाना मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी काढला. ते 1813 मध्ये इथे पोचले, 1816 मध्ये छापखाना घातला आणि पुढच्या वर्षी मराठीत धर्मपर पुस्तिका छापली. सुरुवातीचे खिळे बंगालमधून आणलेले, जाडेभरडे. नंतर याच छापखान्यात शिकलेल्या थॉमस ग्रॅहॅम यांनी स्वतः ठसे कोरले आणि मराठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षराला मुंबईचे वळण दिले. धर्मप्रसार हा त्या मिशनचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. पण त्या छापखान्यातून बाहेर पडलेली माणसे पाहिली की वाटते, मराठी मुद्रणाची शाळा खरी तीच.

त्या शाळेतले पहिले मोठे नाव गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी, मिशनच्या छापखान्यात कामाला. तिथली ख्रिस्ती पुस्तके पाहून त्यांच्या मनात आले, आपले धर्मग्रंथ असे का छापू नयेत? भांडवल नव्हते. त्यांनी लाकडाचा हातछापखाना स्वतः बनवला, शाई स्वतः घोटली आणि शिळाछापाचा रस्ता धरला. हे तंत्र तेव्हा नवे होते. बव्हेरियाच्या आलोइस झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास ते शोधले होते. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, रूळ फिरवायचा. शाई लिहिलेल्या जागीच धरते. खिळे लागत नाहीत, चांगले अक्षर असलेला लेखक पुरतो. देवनागरीची तीन मजल्यांची कटकट एका फटक्यात टळते, आणि छापलेले पान हाताने लिहिलेल्या पोथीसारखे दिसते. आपल्या लोकांना शिळाछाप एवढा का आवडला, ते यातच आहे.

1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी छापील मराठी पंचांग काढले. त्याआधी पंचांग दरसाल जोशीबुवांकडून नकलून घ्यावे लागे. छापील पंचांगाने किती घरांत तिथी-वार पोचवले असतील याची कल्पना करून पाहा. विरोध झालाच. छापील कागदाला शिवायचे कसे, शाईत चरबी असते, सोवळ्यात पोथी वाचायची कशी, असे प्रश्न होते. 1863 मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर यांनीही छापील कागदाला भिणाऱ्या निष्ठावान लोकांची नोंद केली आहे. गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. वाद घालत बसण्यापेक्षा शाई बदलली, ही त्यांची रीत मला मनापासून आवडते. नंतर त्यांनी खिळेही पाडले, लोखंडी यंत्रे आणली, आणि 1861 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे नाव देखण्या छपाईसाठी घेतले जात होते. बाळशास्त्रींनी 1845 मध्ये सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत शिळाछापावरच निघाली. मठांतल्या आणि फडांवरच्या हस्तलिखितांत राहिलेला ग्रंथ त्यानंतर विकत घेण्याजोगा झाला.

छपाईने भाषेच्या आत काय केले, याकडेही पाहायला हवे. हस्तलिखितात शब्द सलग धावत. दंडापलीकडे विराम नव्हता. छापील पानाने शब्द तोडले, आणि मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये मुंबईत छापली गेली. ती अजून आपल्या टेबलांवर असते. तुकोबांची गाथा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादून 1869 पासून इंदुप्रकाश छापखान्यात छापली; सरकारने त्यासाठी 24 हजार रुपये दिले होते.

एक नुकसानही झाले, आणि ते लहान नाही. मोडी ही झरझर लिहायची लिपी, अक्षरे एकमेकांत गुंतलेली. शिशाच्या चौकोनी खिळ्यात ती कोंबली की तिचा प्राणच जातो. मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध धरली, शाळांची पुस्तके बाळबोध झाली, आणि मोडी दफ्तरात राहिली. आज पेशवे दफ्तरातले लाखो कागद मोडीत आहेत आणि ते सराईतपणे वाचणारी माणसे मोजकी. एका लिपीला खिळे चांगले मिळाले आणि दुसरीला नाही, एवढ्या कारणाने आपण आपल्या पणजोबांचे पत्र वाचू शकत नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे जावजी दादाजी चौधरी. 1839 मध्ये मुंबईत जन्म, घरची गरिबी, लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम. खिळे घासता घासता हा मुलगा अक्षर शिकला. 1864 मध्ये त्यांनी टाईप फाउंड्री काढली, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे ठसे कोरणारे सोबती. त्या दोघांनी पाडलेले देवनागरी अक्षर गोलाईचे, भरदार आणि तरीही हलके आहे. काळबादेवीजवळच्या कोलभाट लेनमधून ते देशभर गेले. 1886 पासून निघालेल्या ‘काव्यमाला’तले संस्कृत ग्रंथ युरोपातल्या पंडितांच्या कपाटांतही पोचले. निर्णयसागरचे जुने पुस्तक कुठे मिळाले तर पानाला उजेडाकडे तिरपे धरा. खिळ्याचा दाब कागदात किंचित रुतलेला दिसतो. जावजी 1892 मध्ये, अवघ्या 53 व्या वर्षी गेले.

पुढचे बरेचसे ठाऊक आहे. राजा रविवर्मांचा रंगीत शिळाछापाचा कारखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच छपाईच्या धंद्यात होते. मासिके, 1909 मधला ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक, मग गिरगावातले गल्लोगल्लीचे छापखाने. माझ्या लहानपणी लग्नपत्रिका तिथेच छापत. ट्रेडलची, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राची, खडखड रस्त्यावर ऐकू येई, आणि आत डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, धरलेला कंपोझिटर न पाहता केसमधून खिळे उचलत असे. उलटे अक्षर तो आपल्यापेक्षा वेगाने वाचे. माझ्या मामाच्या पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार सुटला होता, तो त्याने प्रूफ काढायच्या आधी नुसत्या खिळ्यांकडे बघून पकडला. मग ऑफसेट आले, डीटीपी म्हणजे संगणकावरची जुळणी आली, आणि शिसे भंगारात किलोवर गेले.

अक्षर कोरण्याचे काम मात्र मुंबईत थांबले नाही. पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट रेखाटला आणि मायक्रोसॉफ्टमुळे तो कोट्यवधी संगणकांवर गेला. एक टाईप या मुंबईतल्या गटाचा ‘मुक्त’ आज अनेक मराठी संकेतस्थळांवर आहे. अडचणीही जुन्याच जातीच्या आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे. राज्य सरकारने 2009 मध्ये शासन निर्णय काढून ते ठरवून दिले. तरी बहुतेक फोनवर हिंदी वळणच उमटते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवणारा आडवा रफार संगणकात नीट बसवायलाही बराच काळ गेला, आणि आजही एखाद्या स्वस्त फोनवर तो तुटून दिसतो, ‘र’ला नुक्ता आणि शेजारी एकटा ‘या’.