रेड रॉक्समध्ये खडकांचं श्रेय किती?

अमेरिकेत डेन्व्हरजवळ असलेल्या रेड रॉक्स या खुल्या प्रेक्षागृहाविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं: इथला आवाज निसर्गानेच घडवलाय. हे अर्धंच खरं आहे.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे आजच्या रॉकीजच्याही आधीची पर्वतरांग होती. ती झिजली, नद्यांनी तिची वाळू आणि गोटे पायथ्याशी आणून टाकले आणि त्यांचाच खडक झाला. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पुढे आजचे रॉकीज वर येताना हे थर तिरपे झाले. त्यातल्या दोन अवाढव्य शिळा, क्रिएशन रॉक आणि शिप रॉक, आमनेसामने उभ्या आहेत. मधला उतार म्हणजे आयती बैठक.

जॉन ब्रिस्बेन वॉकर या उद्योजकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मैफली भरवल्या. १९११ मध्ये ऑपेरा गायिका मेरी गार्डनही गाऊन गेली. नंतर जागा शहराकडे आली. १९३६ पासून महामंदीतल्या बेकार तरुणांनी, महिना ३० डॉलरवर, दगड फोडून पायऱ्या बांधल्या. १५ जून १९४१ रोजी उद्घाटन झालं. वास्तुरचनाकार बर्नहॅम हॉइट यांनी खडकांशी स्पर्धा केली नाही, हे मला त्यांचं सर्वात मोठं काम वाटतं.

आता आवाजाचं गणित. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, कारण परत पाठवायला छप्पर नसतं. त्यात पुढच्या रांगांवरून सरपटत जाणारा आवाज माणसं आणि कपडे शोषून घेतात. चढ उभा असला की मागच्यालाही मंच थेट दिसतो, म्हणजे थेट ऐकूही येतो. हे श्रेय उताराचं आणि बांधणीचं. शिळा बाजूने थोडा आवाज परतवतात. त्या सपाट आणि समांतर असत्या, तर एकच टाळी दोघींमध्ये फडफडत राहिली असती. ओबडधोबड पृष्ठभाग ती विखरून टाकतो.

पण सगळे स्वर सारखे विखरत नाहीत. २००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १७ सेंटिमीटर, म्हणून खडकाचे खाचखळगे त्याला अडवतात. ५० हर्ट्झच्या खर्जाची सुमारे ७ मीटर. त्याच्या लेखी तेच खाचखळगे नसल्यातच जमा.

वाद्यवृंदांच्या काळात याने फारसं बिघडत नव्हतं. मग रॉक आला. १९६४ मध्ये बीटल्स वाजवून गेले. १९७१ मध्ये जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाला विनातिकीट गर्दी घुसू लागली, अश्रुधूर सोडावा लागला आणि काही वर्षं रॉक बंदच झाला. तो परतला तेव्हा सोबत स्पीकरच्या भिंतीही वाढत गेल्या. आता मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवतात ते स्पीकर, खडक नव्हे.

अडचण उलटीच झाली. रात्री जमीन लवकर थंड होते, वरची हवा उबदार राहते आणि वर निघालेला आवाज वाकून दूरवर खाली उतरतो. आसपासच्या वस्तीला पोहोचतो तो मुख्यतः खर्ज, कारण हवा त्याला फारशी शोषत नाही. रहिवाशांच्या तक्रारींनंतर शहराने आवाजावर, खास करून खर्जावर, मर्यादा घातल्या.