धावडा पेटत नाही लवकर, विझतही नाही लवकर

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुणालाही विचारा, सरपणात पहिला मान धावड्याचा. त्याच्यामागे ऐन, बाभूळ, मोह. सालई, सावर, पळस म्हणजे दुसरं काही मिळालं नाही तर. ‘धावड्यात आगच जास्त’ हे कारणही तोंडपाठ असतं. पसंती बरोबर आहे, पण कारण अर्धंच खरं आहे.

लाकूड कोणतंही असो, त्याच्या पेशींच्या भिंती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्याच बनलेल्या असतात. या भिंती सगळ्या झाडांत जवळपास सारख्याच दाट, म्हणजे पाण्याच्या दीडपट. फरक पडतो तो आतल्या पोकळीने. सावरीत पोकळी भरपूर, म्हणून तिचा एक घनमीटर 350-400 किलोच भरतो. धावडा 900 किलोच्या आसपास जातो, खैर तर हजाराला टेकतो. पण पुरतं वाळलेलं एक किलो लाकूड घ्या; कोणत्याही झाडाचं असलं तरी उष्णता मिळते ती 4500 किलोकॅलरीच्या आगेमागेच. सरपण बंडीच्या मापाने घेत असाल तर धावडा नक्कीच परवडतो. क्विंटलने घेत असाल तर जास्तीचे पैसे आगीचे नसतात, आगीच्या चालीचे असतात.

ही चाल समजायची तर आधी ज्योत समजून घ्यावी लागते. चुलीत वाकून नीट पाहा. ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, दोघांच्या मध्ये एक बारीकशी काळी फट दिसते. लाकूड 200 अंशांच्या पुढे तापलं की त्याचे घटक मोडायला लागतात, आणि 300 च्या पुढे त्यातून ज्वलनशील वायू भडाभडा सुटतात. त्या फटीत ते हवेत मिसळतात आणि मग पेटतात. वाळल्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग असा वायू होऊन जातो, उरतो तो कोळसा. कधी हा वायू एखाद्या चिरेतून जोराने बाहेर पडतो आणि चूल फुरफुरते. मग घरातली म्हातारी म्हणते, ‘चूल हसली, पाहुणा येणार.’ पाहुणा आला तर येऊ द्या बापडा, पण त्याला बोलावणं चुलीने धाडलेलं नसतं.

आता माझा आवडता भाग. तोच जाळ, तितक्याच जाडीची दोन लाकडं, एक सावरीचं, एक धावड्याचं. सावर चटकन पेट घेते, धावडा नुसता तापत बसतो. का? पेटायला अख्खं लाकूड तापावं लागत नाही, फक्त पृष्ठभाग त्या तीनशे अंशांवर पोचायला हवा. मुरमाड रानात कितीही पाणी सोडा, वर साचत नाही, खाली जिरत जातं. चोपण जमिनीत तेवढंच पाणी लगेच तुंबतं. धावडा उष्णतेच्या बाबतीत मुरमाड आहे. तो दाट असल्यामुळे उष्णता आत वाहूनही नेतो आणि प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये जास्त मुरवतोही. पृष्ठभागावर साचायला ती उरतेच कुठे?

भौतिकशास्त्रात यासाठी एक गुणाकार करतात: उष्णतावाहकता गुणिले घनता गुणिले विशिष्ट उष्मा. त्याला औष्णिक जडत्व म्हणतात, आणि जाड लाकूड पेटायला लागणारा वेळ या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. विशिष्ट उष्मा सगळ्या लाकडांचा सारखाच, तो सोडून द्या. पण घनता दुप्पट झाली की वाहकताही जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे गुणाकार चौपट. दुप्पट दाट लाकूड चौपट उशिरा पेटतं ते असं. गंमत अशी की बारीक काडीला हा नियम लागूच होत नाही. ती आरपार एकदम तापते, तिथे वाहकतेचा प्रश्नच नाही. हिशेब फक्त घनता गुणिले जाडी एवढाच. पऱ्हाटी आणि तुराटी वखवखून पेटतात त्या त्यामुळे, आणि धावड्याखाली त्या सरकवणारी बाई हे गणित न मांडता रोज सोडवते.

धावडा पेटल्यावर मग तेच जडत्व कामी येतं. पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो, तो उष्णतेला अडवतो, आणि आतलं लाकूड बेताबेताने वायू सोडतं. इमारतींच्या अग्निसुरक्षेच्या हिशेबात घट्ट लाकडाचा कोळसा होण्याचा वेग मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर धरतात. आपली चूल म्हणजे काही त्यांची भट्टी नव्हे, पण अंदाज येतो. शिवाय दाट लाकडाचा कोळसाही दाट असतो, म्हणून निखारा मूठभर असला तरी रात्र काढतो. भाजी फोडणीला टाकायची तर फणफणता जाळ हवा, रोडगे भाजायचे तर धगधगता विस्तव. दोन्ही कामं एकाच लाकडाकडून करून घेणं म्हणजे त्या लाकडाचे हाल. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर ‘चुलीवरची चव’ अशा पाट्या असतात, त्यांच्याबद्दल एवढंच म्हणतो की झाकण घातलेल्या पातेल्याला खालची आग लाकडाची की गॅसची, हे कळत नाही.

‘ओलं लाकूड जास्त वेळ पुरतं’ असंही ऐकू येतं. जास्त वेळ चुलीत राहतं खरं. निम्मं पाणी असलेलं ताजं लाकूड घ्या. ते पाणी तापवून वाफ करायला लागणारी उष्णता मोजली, तर ती लाकडातल्या एकूण उष्णतेच्या सातव्या हिश्श्याएवढीच भरते. मग ते एवढं रडवतं का? कारण पाणी आहे तोवर लाकडाचा तो भाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही, वाफेने चूल थंडावते, आणि सुटलेले डांबरी वायू न पेटताच बाहेर पडतात. धूर म्हणजे तेच, न जळलेलं सरपण. खरा तोटा तिथे होतो, आणि डोळे-फुप्फुसं त्याची भरपाई करतात.

या बाबतीत विदर्भाचा मे महिना म्हणजे फुकटची भट्टी. मात्र लाकूड फोडलेलं हवं. पाणी रेषांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांकडे, आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पटीने लवकर निघतं, आणि धावड्याचा न फोडलेला ओंडका उन्हाळाभर पडून राहिला तरी आत ओलाच निघतो. आखूड तोडा, ढलप्या काढा, आणि पहिल्या पावसाआधी छपराखाली घ्या. पंचवीस किलोच्या ओल्या मोळीत दहा-अकरा किलो नुसतं पाणी असतं. ताडोब्याच्या भोवताली, वाघाच्या वाटेवरून, बाया डोक्यावर ते पाणी वाहून आणतात. एका सिलिंडरएवढा स्वयंपाक साध्या चुलीवर करायचा तर वाळलेलं लाकूडही दोनेक क्विंटल लागतं. साध्या चुलीत दहातली नऊच्या आसपास आग भांड्याला न लागता वाया जाते.

शेवटी, धावड्याचे निखारे घमेल्यात भरून थंडीत खोलीत नेण्याबद्दल. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीव घेतो. निखाऱ्याच्या पोटात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रसरशीत निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचते, तेव्हा तोच वायू जळत असतो. निखारे जरा मंदावले की ती ज्योत नाहीशी होते आणि वायू तसाच खोलीत पसरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून घट्ट धरतो. धावडा रात्रभर टिकतो, म्हणजे बंद खोलीत हा वायूही रात्रभर सुटत राहतो.